न पेरलेला संकर

संशोधन केंद्राच्या शेतात काल ज्वारीच्या नव्या संकरांची पेरणी झाली. हा हंगाम संपला की निवृत्त होणारे काळे सर बांधावर उभे होते. वर्षानुवर्षे जोपासलेल्या आपल्या वाणाचा एक संकर एकदा तरी कणसावर आलेला पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. मात्र जनुकांवरून उत्पन्नाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकाने तो आधीच नापास केला, म्हणून तो पेरलाच गेला नाही. तो अंदाज काढण्याचे काम माझ्याकडे होते.

“काय मॅडम, पत्रिका पाहूनच नकार? मुलगी बघायला तरी यायचं होतं!” सर हसत म्हणाले.

“सगळे पेरायला जागाच नव्हती, सर,” मी कसेबसे म्हटले.

“आणि पत्रिकाच चुकली असेल तर?”

जे पेरले त्यातली चूक कणसात दिसते. जे पेरलेच नाही, त्यातली चूक कुठे दिसणार? पूर्वी निवड करणारे शेतातून हिंडत, कणसे हातात घेऊन पाहत. नाकारल्या जाणाऱ्या रोपालाही निदान एक पावसाळा मिळत असे. मी स्वतः या कामात फार उशिरा आले. माझाही असा अंदाज कुणी आधीच काढला असता, तर मी आज या बांधावर नसते, आणि माझे नसणे कुणाला जाणवलेही नसते.

“हरलो असं तरी कुणी म्हणणार नाही, हे एक बरं,” सर म्हणाले आणि वाऱ्याने कललेली दुसऱ्याच्या संकराची पाटी त्यांनी वाकून सरळ केली.