धानात टांगलेला बॅकअप

माझ्याकडे आईचं एकही गाणं नाही. फोटो आहेत, लुगडी आहेत, तिच्या हातची गोधडी आहे. ज्याच्यासाठी जीव तुटतो ते मात्र नाही. बरं, कुणी चोरलं नाही की जाळलं नाही. जवळजवळ सगळं नियमाप्रमाणे केलं आणि तरी गेलं, याचाच अजून संताप येतो.

आमचं गाव आमगावपासून सायकलच्या अंतरावर. ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी रोज रेल्वेनं गोंदियाला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि बाबांनी हौसेनं सुटे भाग जोडून केलेला एक कॉम्प्युटर घेऊन दिला. आईनं त्याला फुलाफुलांच्या कापडाचं आवरण शिवलं. त्या खोलीत चप्पल घालून यायला बंदी होती. धुळीनंच व्हायरस येतो असं बाबांचं ठाम मत होतं, आणि खोली स्वच्छ राहते म्हणून मी ते कधी खोडून काढलं नाही.

रविवारच्या पेपरात कॉम्प्युटरचं एक सदर यायचं. नवीन काय निघालं, कोणता व्हायरस फिरतो आहे, पासवर्ड कसा असावा, असलं सगळं. मी ते कापून वहीत चिकटवायची आणि कुणी विचारो न विचारो, घरभर ऐकवायची. भावानं म्हशीचं नाव पासवर्ड ठेवलं होतं, त्यावरून मी त्याला आठवडाभर पिडलं. शेवटी आईच म्हणाली, "एवढं जपून राहिली बाई, तं त्या डब्यात हाये तरी का?"

"तुही गाणी हायेत," मी म्हटलं.

खरंच होती. आईचं माहेर दरेकशाकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. रोवणीची गाणी ती तिथून घेऊन आली होती. चिखलात धानाची रोपं लावताना बायका ओळीनं वाकून मागं मागं सरकतात. एकीनं गाणं उचललं की दुसऱ्या टोकाची बाई ते पुरं करते. आईच्या माहेरची चाल आमच्या गावात कुणालाच येत नव्हती, म्हणून उचलायचीही तीच आणि पुरं करायचीही तीच. एका गाण्यात सून बगळ्याला म्हणते, माझ्या माहेरी निरोप घेऊन जा. बगळा म्हणतो, थांब, आधी मासोळी खाऊ दे. तिथं आली की आई स्वतःच हसायची.

एका उन्हाळ्यात दुपारी मी स्वस्तातला माईक तिच्यापुढं ठेवून अकरा गाणी रेकॉर्ड केली. आधी ती माईककडे बघायलाही लाजत होती. तिसऱ्या गाण्यापासून तिचे हात मांडीवरच रोप खोचल्यासारखे हलायला लागले. मागं पंख्याची खरखर आली, एक कोंबडीही आली. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. ती म्हणाली, "राहू दे नं, कोंबडी आपलीच हाये."

सदरात लिहिलं होतं की महत्त्वाच्या फायली सीडीवर घ्या आणि ती सीडी कॉम्प्युटरच्या घरात ठेवू नका. घराला आग लागली, चोरी झाली, तर दोन्ही एकदम जातील. मला ते फार पटलं. मी सीडी बर्न केली, वर मार्करनं ठसठशीत "बॅकअप" लिहिलं आणि शेतावरच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत नेऊन ठेवली. त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

धान लोंबीवर आलं तेव्हा पोपटांनी उच्छाद मांडला. त्या वर्षांत आमच्याकडं सगळ्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, सीड्या टांगलेल्या दिसायच्या. काठीला दोरीनं बांधायची, ती वाऱ्यानं फिरते, ऊन चमकतं, पाखरं बिचकतात. आई त्यांना चकत्या म्हणायची. माझ्याकडच्या बिघडलेल्या नऊ चकत्या मीच तिला काढून दिल्या होत्या.

दिवाळीनंतर मामेबहिणीच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर आले. पेन ड्राइव्ह आधी स्कॅन करा, मग उघडा, हे माझ्याच वहीत पहिल्या पानावर होतं. पण नवरी बघायला बाया खोलीत दाटीवाटीनं उभ्या होत्या, आणि मी घाईनं सरळ उघडला. दोन दिवसांत फायली दिसेनाशा झाल्या, मग मशीन सुरूच होईना. डबा उचलून गोंदियाला नेला. दुरुस्तीवाला म्हणाला, "दीदी, फॉरमॅट मारना पड़ेगा. बॅकअप है ना?"

"है ना," मी रुबाबात म्हटलं. त्यानं फॉरमॅट मारला.

दुसऱ्या दिवशी शेतावर गेले आणि पेटी उघडली. विळे होते, दोरी होती, सीडी नव्हती. बाहेर आले तर निम्मं धान कापून झालं होतं आणि कोपऱ्यातल्या बांधीत काठीला एक चकती फिरत होती. जवळ जाऊन धरली. शाई बरीचशी उडाली होती, पण अक्षर माझंच होतं. दव आणि ऊन खाऊन वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता. त्यातून पलीकडचा धुरा, शेताचा बांध, दिसत होता.

घरी येऊन मी आईला नको नको ते बोलले. अडाणी म्हटलं. ती शेण काढत होती, तशीच उभी राहिली.

"एक चकती कमी पडली होती वो बाई. पेटीत दिसली, लावली."

"त्याच्यावर लिहिलं होतं नं! तुले वाचता येते नं?"

"येते. पर त्या शबदाचा अर्थ मले का माईत?"

आई चौथी शिकलेली होती. पोथी वाचायची, पेपर वाचायची. मी त्याच्यावर साधं "आईची गाणी" लिहिलं असतं, तर तिनं ती चकती देवघरात ठेवली असती. पण मला तो पेपरातला शब्द मिरवायचा होता. हे मला त्या दिवशी कळलं नाही, पुढं पुष्कळ दिवसांनी कळलं.

मी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी दुपारी आई हातपाय धुऊन, वेणी घालून, कॉम्प्युटरच्या खोलीत स्टुलावर येऊन बसली. म्हणाली, "काऊन रुसून राहिली? गाणी गेली, मी तं हावो. ठेव तो माईक."

दुधानं तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात. मी नवीन अँटीव्हायरस टाकला होता आणि तो मशीन तपासत होता. मी म्हटलं, "थांब आई, आधी स्कॅन होऊ दे. मग सुरक्षित राहील."

ती थांबली. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती आणि आई त्या पट्टीकडं बघत मांडीवर हात ठेवून बसली होती. मध्येच विचारायची, "झाला?" मी म्हणायची, होते आता. असं तिनं चारदा विचारलं. मग गायी घरी यायची वेळ झाली आणि ती उठून गेली. स्कॅन संपला तेव्हा एकही व्हायरस सापडला नव्हता. मी हाक मारली, तर ती गोठ्यातून म्हणाली, "आता हात भरले हायेत, उद्या म्हणतो."

ते उद्या लांबलं. मळणी आली, माझी शाळेतली नोकरी आली, मग लग्न. माहेरी गेले की म्हणायचे, या खेपेला नक्की. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मी धावत गेले. ती खाटेवर होती, कॉम्प्युटरच्याच खोलीत, कारण ती खोली सगळ्यांत स्वच्छ. बरेच दिवस माझ्याकडं नुसती बघायची. एकदा तिनं डावा हात उचलला, कॉम्प्युटरकडं बोट केलं आणि भुवया उंचावल्या. मला आधी कळेना. मग कळलं. झाला का, विचारत होती.

मी मान हलवून हो म्हटलं आणि माईक तिच्यापुढं धरला. आईनं तोंड उघडलं. शब्द एकही आला नाही, नुसता घशातला आवाज चढत-उतरत राहिला, आणि डावा हात चादरीवर रोप खोचत होता. मध्ये एका ठिकाणी ती हसली. तो बगळा असणार.

ते रेकॉर्डिंग मिनिटभराचं आहे. माझ्या फोनमध्ये आहे, भावाकडं आहे, आणि एक सीडी देवघरात आहे. तिच्यावर मार्करनं "आईची गाणी" असं लिहिलं आहे.