चाखणं म्हणजे खाणं नव्हे

आमच्या कचेरीच्या कॅन्टीनमधले आचारी कधी ताट वाढून घेऊन जेवल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. तरी पोट सुटलेलं. प्रत्येक पातेल्यात पळी बुडवायची, तळहातावर थेंब घ्यायचे, डोळे मिटायचे, मग निकाल. बायकोच्या स्वयंपाकालाही हाच न्याय होता. फक्त घरी निकाल आधीच ठरलेला असे.

अशा माणसाच्या नेमक्या जठरात लिम्फोमा हा कर्करोग निघाला, तोही दुर्मिळ जातीचा. दुर्मिळ म्हटल्यावर आचारी किंचित सुखावले. गोळ्यांना तो काही बधला नाही.

"किरणांनी बहुधा जाईल, जठरही शाबूत राहील," डॉक्टर म्हणाले. "पण रोज उपाशीपोटी यायचं. जठर भरलं की फुगतं, जागा सोडतं, आणि किरण भलतीकडेच पडतात."

आचाऱ्यांनी मान डोलावली. रजा घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पहाटे स्वयंपाक उरकून ते इस्पितळात जाऊ लागले. लवकरच मशीनवरच्या मुलीने त्यांना टेबलावरून उठवलं.

"काका, काय खाल्लंत?"

"शपथेवर सांगतो, काही नाही."

"चित्रात पोट भरलेलं दिसतंय."

"ते होय? ते चाखलंय."

"किती?"

"सगळी पातेली."

त्या दिवशीचे किरण रद्द झाले. "असंच चाललं तर उपचारांचा उपयोग नाही," डॉक्टरांनी बजावलं. "पळी हवी की पोट, ते ठरवा."

आचाऱ्यांनी विचाराला वेळ मागितला. बायकोने तो दिला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बाह्या सरसावून कॅन्टीनमध्ये हजर.

"तुला काय कळतं चाखण्यातलं?"

"अहो, इतकी वर्षं तुमची बोलणी खाल्ली. त्याहून कडू इथे काही निघायचं नाही. व्हा पुढे."

आचारी निघाले, उपाशी. जेवणाबद्दल एकही तक्रार आली नाही. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून आम्ही ही बातमी त्यांच्यापासून लपवली. पुढे किरणांमुळे मळमळ सुरू झाली आणि फोडणीच्या वासानेच ते दार गाठू लागले.

काही महिन्यांनी दुर्बिणीने तपासलं. जठर स्वच्छ होतं.

"मग आता चाखू?"

"खुशाल."

ते इस्पितळातून थेट कॅन्टीनमध्ये आले आणि पळीसाठी हात पुढे केला.

"थांबा," पातेल्यावरची नजर न काढता बायको म्हणाली, "अजून उकळी फुटायचीय."

आचारी स्टुलावर बसले आणि, आम्ही सगळे काचेतून पाहत होतो, खरंच थांबले.