बुरुलचाचा लोकरीचा बोकड

बुरुलचाचा हात चालतो, हे कारा-बुलुन गावात कुणाला सांगावं लागत नसे. बापाच्या घरी तिने चाबूक खाल्ला, नवऱ्याच्या घरी मूठ खाल्ली, आणि दोन्हीकडची परतफेड ती ज्याची त्याला करत आली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बेइशेनने तिचे पुढचे दोन दात पाडले. तिने चहाची पितळी किटली त्याच्या खांद्यावर अशी हाणली की गळ्याजवळचं हाड मोडलं. मग सव्वा महिना तीच त्याला चमच्याने रस्सा भरवत बसली.

"तुझ्यासारखी बाई वैऱ्याच्या घरीही पडू नये," तो म्हणायचा.

"वैरी बरा. निदान मार खाऊन रडला तरी असता," ती म्हणायची.

असा तीस वर्षं संसार झाला, आणि वाईट झाला असं म्हणायची आजही कुणाची टाप नाही.

बेइशेन उलाकचा स्वार होता. मुंडकं उडवलेला, गुडघ्याखाली पाय छाटलेला बोकड दोन गावांनी घोड्यांवरून हिसकायचा आणि मैदानाच्या आपापल्या टोकाला असलेल्या मातीच्या कढईत नेऊन आपटायचा, एवढाच तो खेळ. पण त्यापायी बेइशेनची तीन बोटं वाकडी झाली, एक कान गेला, आणि गेल्या शरदात जार-तालापवाल्यांशी खेळताना त्याचाच घोडा त्याच्या छातीवर कोसळला. घरी आणला तेव्हा तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. तशातही त्याने विचारलं, "कढईत पडला का?"

पडला नव्हता. बुरुलचाने खोटं सांगितलं, "पडला." मग तो गेला.

आता वर्ष भरत आलं. वर्षाला आश घालायचा, म्हणजे मेलेल्याच्या नावाने सगळ्या खोऱ्याला जेवण. आणि आश म्हटला की उलाक आलाच. ज्या खेळाने माणूस मारला तोच खेळ त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी खेळायचा. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आश आठ दिवसांवर आला तेव्हा तोलोमुश आला. बेइशेनचा धाकटा भाऊ, गावाच्या स्वारांचा म्होरक्या, मान बैलासारखी. चाबूक बुटात खोचूनच घरात शिरला.

"वहिनी, शेळी कुठे बांधलीय?"

"शेळीचं काय काम, भावजी? लग्न ठरवताय तिच्याशी?"

"थट्टा नको. उलाक मेलेल्याच्या गोठ्यातलाच लागतो. मागून आणलेल्या जनावरावर दादाचं नाव घेतलं तर खोरं थुंकेल."

बुरुलचाच्या गोठ्यात एकच शेळी उरली होती. सामुदायिक शेतं मोडली, मेंढ्या वाटल्या गेल्या, आणि वाटलेल्या मेंढ्या पुढच्याच हिवाळ्यात बर्फात मेल्या. म्हातारी घोडी आशच्या जेवणात कापायची ठरली होती. राहिली ती ही करडी शेळी, आणि तिच्या दुधावर बुरुलचाची पाच महिन्यांची नात जगत होती. सून जिपारला बाळंतपणात ताप भरला आणि दूध आटलं, ते आलंच नाही. लेक रशियात बांधकामावर. गावात दुसरी दुभती होती ती ज्याच्या त्याच्या पोरांना पुरत नव्हती. गायीचं दूध पाजून पाहिलं तर पोरगी दोन दिवस हिरवं हगली आणि डोळे खोल गेले.

"शेळी कापलीत तर पोरगी मरेल," बुरुलचा म्हणाली.

"नाही कापली तर दादा दुसऱ्यांदा मरेल."

"त्याला सवय आहे. तिला नाही."

तोलोमुशने चाबूक काढला. बुरुलचाने चुलीतलं जळतं लाकूड उचललं. जिपार पोरीला पोटाशी धरून कोपऱ्यात सरकली. दोघं तशीच उभी राहिली, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, लाकडाची ठिणगी तोलोमुशच्या बुटावर पडेपर्यंत.

"उलाक मिळेल तुम्हाला," शेवटी ती म्हणाली. "माझ्या घरचा, माझ्या हातचा. मी विणून देते."

तोलोमुश इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. पण बुरुलचा तशीच लाकूड हातात घेऊन शेरगाझीआबांकडे गेली. आबा खोऱ्यातले सगळ्यात म्हातारे. खेळाचा न्याय त्यांच्याकडे. त्यांनी दाढी कुरवाळली आणि निवाडा दिला: विणलेला बोकड तीनदा कढईत पडेपर्यंत टिकला तर शेळी तिची. मधेच फाटला तर तिथल्या तिथे शेळीचं मुंडकं उडवायचं आणि खेळ पुढे चालू. शेळी मैदानाच्या कडेला बांधून ठेवायची, म्हणजे वेळ जायला नको.

बुरुलचाने लोकरीची उशी उसवली, बेइशेनचा जुना कोट उसवला, याकच्या केसांची दावी उलगडली. मेंढीच्या लोकरीत तो राठ केस घालून बोटाएवढा जाड धागा पिळला. एवढ्या जाड धाग्याला घरातल्या सुया कुठून पुरणार? तिने झुडपाच्या पाच काड्या तासल्या आणि मोजा विणतात तसं गोल विणायला घेतलं. टाके इतके घट्ट की काडी आत घालताना अंगठ्यातून रक्त यायचं. आत जुन्या लोकरी नमद्याचे तुकडे आणि मधोमध कातडी पिशवीत नदीचे खडे भरले. वजन बरोब्बर खऱ्या बोकडाएवढं. तिने शेळीला एका काखेत आणि त्याला दुसऱ्या काखेत धरून पाहिलं.

बाई कधी उलाकला हात लावत नाही. त्यामुळे तिने विणला तो बोकड तिला गोठ्यातून ठाऊक होता तसा: मुंडकं, वळणदार शिंगं, दाढी, आणि खुरांपर्यंत चारही पाय.

"आई, डोळे कशाला?" जिपारने विचारलं.

"कुणी मारलं ते त्याला कळायला नको?"

आणि एक चूक केली. उलाक आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात भिजत घालतात, कातडं चिवट होतं म्हणून. हे बेइशेनने तीस वर्षं केलेलं तिने पाहिलं होतं. तिनेही आपला बोकड दिवसभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला. जन्मभर मोजे धुतलेली बाई, ओली लोकर कशी सैल सुटते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण उलाक म्हटल्यावर तिच्या डोक्यात मोजा आलाच नाही.

आशच्या दिवशी दोनशे माणूस जेवलं. घोडीचं मांस संपलं, कुमीसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, चामडी पखाली रिकाम्या झाल्या, आणि सगळे मैदानावर गेले. तोलोमुशने विणलेला बोकड मधोमध आणून टाकला तेव्हा जार-तालापचे स्वार खोगिरावर आडवे पडून हसले.

"ए तोलोमुश, याला खाटकाने मारलं की शिंपिणीने?" त्यांचा म्होरक्या कच्किन ओरडला. "दाढी तर तुझ्यापेक्षा दाट आहे!"

पहिल्या झुंबडीत हसणं संपलं. खरा बोकड फाटतो, कुणाच्या हातात पाय येतो, कुणाच्या हातात बरगडी, आणि सगळे जरा श्वास घेतात. हा फाटेना. आठ घोडी एकमेकांत घुसली, मधे बोकड, आणि कुणी सोडायला तयार नाही. चाबकाचे दांडे हातांवर, नाकांवर पडू लागले. एकाचा ओठ दोन भागांत उकलला. एका घोड्याने दुसऱ्याच्या मानेचा लचका तोडला. जार-तालापचा एक पोरगेला स्वार खाली गेला आणि वर आला तेव्हा त्याचा गुडघा उलट्या बाजूला वाकला होता. त्याला ओढून नेलं आणि त्याच्या जागी दुसरा घुसला. बोकड एकदा त्यांच्या कढईत पडला, एकदा आपल्या.

बुरुलचा बायकांबरोबर मैदानाच्या कडेच्या टेकाडावर शेळीचं दावं धरून बसली होती. एका हातात शेळी, दुसऱ्या हाताच्या नखांनी स्वतःचाच तळवा ओरबाडत. शेजारीच वाटीत रक्त धरून ठेवायला खाटीक तयार बसला होता. मधूनच शेळीच्या मानेकडे बघायचा.

"तिकडे बघ," ती त्याच्यावर खेकसली. "नाहीतर तुलाच विणीन."

तिसऱ्या झुंबडीत तिच्या लक्षात आलं. बोकडाचे पाय लांबत होते. मिठाच्या पाण्याने सैल झालेली लोकर ओढून ओढून वाव-वाव भर लांब दोऱ्या झाल्या होत्या. तोलोमुशने एक पाय मनगटाला गुंडाळून खेचला, कच्किनने दुसरा स्वतःच्या खोगिराच्या बोंडाला अडकवला आणि घोड्याला टाच मारली. तोलोमुशचा घोडा घसरला. तोलोमुश खाली आला, पण हात सुटला नाही. ओली लोकर मनगटावर आवळली होती, फासासारखी. कच्किनचा घोडा उधळला, बोकड त्याच्या मागे, आणि बोकडाच्या मागे तोलोमुश, तोंडावर, दगडांतून.

"थांबव!" लोक ओरडत होते. कच्किन थांबवतच होता, पण मागचे पंधरा घोडे थांबत नव्हते. एक खूर तोलोमुशच्या पाठीवर पडला. दुसरा डोक्याशेजारी.

बुरुलचाने दावं जिपारच्या हातात दिलं, खाटकाची सुरी उचलली आणि धावली.

धावताना तिला सगळं कळत होतं. पाय कापला की बोकड फाटला. बोकड फाटला की शेळी गेली. शेळी गेली की पोरगी. आणि हे सगळं कुणासाठी, तर ज्याने शेळी मागितली त्या बैलमान्यासाठी. वीस पावलं होती. वीस पावलांत तिने दोनदा थांबायचं ठरवलं आणि पाय थांबले नाहीत.

मैदानात बाई आलेली पाहून घोडी बिथरली. एकाने तिला छातीने धडक दिली. ती पडली, उठली, कच्किनच्या घोड्याच्या थोबाडीत डाव्या हाताची मूठ हाणली. घोडा क्षणभर चकित झाला. तेवढ्यात तिने ताणलेल्या पायावर सुरी घातली. तिचे टाके इतके घट्ट की एका घावात तुटेनात.

"तोलोमुश, हात ढिला सोड, गाढवा!"

"सुटत नाही, वहिनी!"

तिसऱ्या घावाला लोकर तुटली, आणि सुरीचं टोक तिच्याच मांडीत गेलं.

धूळ बसली. तोलोमुशचं अर्धं तोंड सोललं होतं, एक हात खांद्यातून निखळून भलतीकडे लोंबत होता. बोकड तीन पायांचा पडला होता. जार-तालापकडून आरोळी उठली, "फाटला! शेळी आणा!" जिपारने दावं छातीशी ओढलं आणि पोरगी रडायला लागली.

शेरगाझीआबा काठी टेकत आले. बोकडाच्या पायाच्या थोटकाकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं.

"फाटला नाही, कापला. हे निवाड्यात नव्हतं," ते म्हणाले. "उलाक बेइशेनच्या नावाचा. त्याचा भाऊ जिवंत आहे. त्याने सांगावं."

सगळे तोलोमुशकडे बघायला लागले. बुरुलचा मांडी दाबून बसली होती. तिने मागितलं असतं तर त्याने दिलं असतं, किंवा मुळीच दिलं नसतं; ती त्याला ओळखत होती. तिने हातातली सुरी तेवढी सोडली नाही.

तोलोमुशने तोंडातली माती थुंकली. मातीबरोबर दात आला. तो त्याने नीट पाहिला.

"खऱ्या उलाकला गुडघ्याखाली पाय असतात का रे, कच्किन?"

"नसतात."

"मग तीन जास्तच आहेत. छाटा. आणि तो दाढीवाला बघत बसलाय, त्याचं मुंडकंही उडवा. आता उलाक झाला. खेळा."

कच्किनने तोंड उघडलं. पण दोनशे माणसं हसायला लागली होती, आणि हसणाऱ्या माणसांपुढे नियम सांगणं कठीण. पाय छाटले, मुंडकं छाटलं, उसवू नये म्हणून बुरुलचाने रक्ताळलेल्या बोटांनी पाच ठिकाणी गाठी मारल्या, आणि झुंबड पुन्हा सुरू झाली.

इकडे हाडवैद्याने तोलोमुशचा हात बसवायला घेतला. चार माणसांनी धरूनही तो आवरेना, तेव्हा बुरुलचाच त्याच्या छातीवर जाऊन बसली.

"जड आहेस," तो कण्हला.

"घोड्यापेक्षा हलकी आहे. तुमच्या भावाने दोन्ही सोसले."

वैद्याने हिसका दिला. तोलोमुशची किंकाळी नदीपलीकडच्या कुत्र्यांनी ऐकली. त्याच क्षणी मैदानावर आरोळी उठली. बोकड तिसऱ्यांदा पडला होता, जार-तालापच्या कढईत.

"हरलो," तोलोमुश म्हणाला.

"हरलात तुम्ही. मी नाही हरले," असं म्हणून बुरुलचा उठली आणि लंगडत शेळीकडे गेली. घाबरलेली शेळी दूध सोडेना. तिने सडं चोळली, शिव्या घातल्या, मग तिच्या पाठीवर डोकं टेकून पुन्हा चोळली. वाटीभर आलं. जिपारने ते तिथेच, मैदानाच्या कडेला, पोरीला पाजलं.

तोलोमुश हात गळ्यात बांधून शेजारी येऊन बसला. सुजल्या डोळ्याने त्याने तुटलेला लोकरीचा पाय उलटसुलट करून पाहिला.

"वीण चांगली आहे तुझी," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी भिजत घालू नकोस."

"पुढच्या वेळी तुमच्याच आशला विणणार आहे, भावजी. तुम्ही फक्त लवकर सांगा."

तो हसला, खांदा दुखला म्हणून ओरडला, आणि ओरडता ओरडता पुन्हा हसला.