चौथ्या ठोक्यावर

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर होती. मी कंधारचा, नायक शिवराज लातूरकडच्या मुरुडचा. लेझीम खेळताना आमच्या गावात चौथ्या ठोक्यावर वाकतात, त्यांच्याकडे पहिल्यावर. खरी रीत कोणती, यावरून एकदा मेसमध्ये आमचं वाजलं आणि बोलणं थांबलं. सकाळच्या पीटीत मात्र आम्ही शेजारी धावत असू. पावलं जुळत. मनं जुळत नव्हती.

एका दुपारी रेशनचा ट्रक वळणावर घसरला. मागची चाकं दरीवर लटकली. ड्रायव्हर हणमंत, उदगीरचा. त्याचा पाय पेडलपाशी अडकला होता. सुभेदारसाहेबांनी पुढच्या हुकाला दोर बांधून घेतला.

"खेचो!"

वाऱ्यात हुकूम मागच्यांपर्यंत पोचेना. कुणी आधी ओढी, कुणी नंतर. दोर सैल पडे आणि ट्रक आणखी मागे सरके.

शिवराजने दोर सोडला.

"शिवराज! पकड दोर!" साहेब ओरडले.

त्याने रिकामा जेरीकॅन उचलला आणि त्यावर हलगीचा ठेका धरला. वाऱ्यातूनही तो ऐकू येत होता. सगळे पहिल्या ठोक्यावर ओढू लागले. मी सोडून. माझं अंग सवयीने चौथ्या ठोक्याची वाट पाहत होतं.

"आरं कंधारकर, पयल्यावर वड! तुझ्या गावची जत्रा न्हाई ही!"

"तू बडव, मी हाय!"

कित्येक आठवड्यांनी आम्ही एकमेकांशी बोललो. मी पहिल्यावर ओढलं. दर ठोक्याला ट्रक थोडा वर येई आणि दोघे जण पुढच्या चाकांमागे दगड सरकवत. अखेर मागची चाकं रस्त्याला लागली. हणमंतला बाहेर काढलं तेव्हा तो कण्हत म्हणाला, "लगीन कुणाचं हाय रे? हलगी कशापायी?"

कदमतालाने पावलं एक होतात, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. आपला भार दुसऱ्याच्या जोरावर सोडता येतो, हे त्या दोरावर कळलं. त्या दिवसापासून शिवराज आणि मी एका ताटात जेवू लागलो.

पुढच्या हिवाळ्यात तो गस्तीवर गेला. हिमकडा कोसळला. शिवराज परतला नाही.

दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला आम्ही मुरुडला जातो. हणमंत एका पायाने लंगडतो. एसटी स्टँडपासून शिवराजच्या स्मारकापर्यंत कुणी हुकूम देत नाही, तरी सगळ्यांची चाल हणमंतच्या पायाशी जुळते. शिवराजची आई आमच्यासोबत असते. यंदा हणमंत ओशाळून घाई करू लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"हळू चल, लेकरा. शिवराज कुठं पळून चाललाय?"