बोट माझं, कारण त्याचं

आमचा अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आयुष्यात कधी चुकलेला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. चुकायला आधी काहीतरी ठाम बोलावं लागतं, आणि अण्णा जे बोलतो ते निकाल लागल्यावर बोलतो. मॅच संपली की हे हरणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. कुणाचं लग्न मोडलं की 'मी तेव्हाच म्हटलं होतं'. तेव्हा तो नेमकं काय म्हणाला होता, असं विचारणारी घरात मी एकटी. म्हणून लहानपणापासून भांडकुदळ ठरले ती मीच.

वडील गेल्यावर त्यांचं शिंप्याचं दुकान विकलं. वकिलांचे काळे कोट आणि शाळांचे गणवेश शिवून त्यांनी म्हैसुरात आम्हा दोघांना वाढवलं होतं. दुकानाचे पैसे आईच्या नावावर आले. बँकेत ठेवू या, असं मी म्हटलं तर अण्णा हसला. बँकेत पैसा झोपतो म्हणाला. मी नंजनगूडच्या एका कारखान्यातल्या हिशेब खात्यातून नुकतीच निवृत्त झाले होते आणि मला कंप्युटरची सवय होती. तेव्हा असं ठरलं की आईच्या नावाने कोणते शेअर घ्यायचे ते अण्णाने सांगायचं आणि कंप्युटरवर बसून मी ते घ्यायचे. आई अण्णाकडेच राहते. मी सकाळी घरचं आणि नवऱ्याचं आवरून सिटी बसने त्याच्याकडे जायचे. समोरच्या खोलीत मी खुर्चीवर, आणि अण्णा कॉफीचा पेला घेऊन माझ्या पाठीमागे येरझारा घालणार. 'घे' म्हणाला की बटण दाबायचं, 'काढ' म्हणाला की विकायचं.

असेच त्याने एका खताच्या कंपनीचे शेअर घ्यायला लावले. पाऊस चांगला आहे, हुणसूरकडचे तंबाखूवाले खताला रांगा लावतायत, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. भाव चढला तेव्हा त्याने जेवताना सगळ्यांना ऐकवलं की हा शेअर त्याच्या नजरेने हेरला. मग भाव कोसळला आणि आईच्या पैशांचा चांगला लचका गेला. त्याच जागी बसून, त्याच ताटातला भात कालवत तो म्हणाला, "मी नकोच म्हणत होतो. बटण हिने दाबलं."

बटण मी दाबलं होतं, यात शंका नाही. बोट माझंच होतं.

पुढच्याच महिन्यात नंजनगूडला नात्यातला साखरपुडा होता. सगळे सोयरे जमलेले. पंगतीत मावशीने आईला विचारलं, दुकानाच्या पैशांचं काय केलंत? आणि आईने सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "अय्यो, काय सांगू! आमच्या पुट्टीने घालवले की. अण्णा ब्याड ब्याड, नको नको म्हणत होता, हिचं बोट ऐकेना." पुट्टी म्हणजे मी. या वयातही आई मला पुट्टीच म्हणते, छोटी. पंगत हसली. माझ्या पानात पायस वाढलेलं होतं, ते मी तसंच टाकून उठले.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. गेलेले पैसे नव्हेत. आईने ज्या तोंडाने माझं नाव घेतलं, त्याच तोंडाने ते मावशीसमोर परत घ्यावं. आणि त्या वेळी अण्णाची मान खाली गेलेली मला दिसावी. यासाठी मी वाटेल तेवढी वाट बघायला तयार होते.

मार्ग दाखवला जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने. ती स्वतः बाजारात हात पोळून घेतलेली. शेअरची उलाढाल करणाऱ्यांसाठी डायरीसारखं एक सॉफ्टवेअर असतं, ते तिने मला घालून दिलं. खरेदीच्या आधी ते अडवून विचारतं: का घेताय? काय घडलं तर तुमचं कारण चुकलं असं तुम्ही मानाल? टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलायचं, ते आवाज जसाच्या तसा ठेवतं. एकदा ठेवलेलं खोडता येत नाही. पुढे त्याच शेअरबद्दल तुम्ही भलतंच काही बोललात, की ते दोन्ही कारणं शेजारी शेजारी मांडतं आणि खाली लिहितं, ही दोन कारणं जुळत नाहीत. माणसाने भावाबरोबर आपला विचार बदलत बसू नये, असा ते बनवणाऱ्यांचा चांगला हेतू. माझा हेतू चांगला नव्हता.

अण्णाला मी मुळीच फसवलं नाही. उलट त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. म्हटलं, अण्णा, तू माझ्या पाठीमागे इतकं मोलाचं बोलतोस आणि सगळं हवेत जातं. नोंद राहिली तर पुढच्या पिढीला कळेल तरी, कसा विचार करायचा ते. त्याला इतकं बरं वाटलं की वहिनीला हाक मारून त्याने आणखी कॉफी मागवली. दुसऱ्या दिवसापासून तो बोलण्याआधी घसा खाकरायला लागला. 'आजचा माझा विचार असा,' अशी सुरुवात करायचा. मी माइकची खूण दाबून हात मांडीवर ठेवून बसायचे.

ते सॉफ्टवेअर रोज आणखी एक गोष्ट विचारायचं, या वेळी तुमच्या मनात काय आहे? भीती, हाव, कंटाळा, सूड, शांत, यांतलं एक निवडायचं. सूड म्हणजे बाजाराने आपल्याला बुडवलं म्हणून चिडून त्याच्यावर उगवायला जाणं. त्याने माणसं आणखी बुडतात म्हणे. मी रोज न चुकता 'शांत' निवडायचे.

मग साखर कारखान्याचे शेअर आले. अण्णाने घसा खाकरला. "हे लाँग टर्म. दोन वर्षं बघायचंच नाही. अष्टे, एवढंच." चुकलो असं केव्हा मानायचं, तेही मी त्याच्याकडून वदवून घेतलं. गाळप घटलं तर, असं तो म्हणाला. काही महिन्यांनी गाळप घटल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. सॉफ्टवेअरने लाल पट्टीत दाखवलं की तुम्हीच सांगितलेली अट आता पुरी झाली आहे. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"त्या डब्ब्याला काय कळतंय?" अण्णा म्हणाला. "आणखी घे."

तेव्हा मला थांबवता आलं असतं. नुसती खुर्चीवरून उठले असते तरी पुरलं असतं. मी उठले नाही. तो पुन्हा एकदा तसंच वागायला हवा होता आणि त्याचा आवाज माझ्याजवळ असायला हवा होता. मी बटण दाबलं.

भाव पडत गेला. एके दिवशी तो पाठीमागून ओरडला, "काढ, काढ सगळे! मी पहिल्यापासून शॉर्ट टर्मच म्हणत होतो." पडद्यावर दोन्ही कारणं शेजारी शेजारी आली. त्याने चष्मा लावलेला नव्हता. जेवताना आईला त्याने सांगितलं, "पुन्हा हिचं बोट." आई माझ्याकडे बघून चुकचुकली. मी मान खाली घालून सारभात खाल्ला आणि मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. इतकी चव त्या घरच्या साराला कधी आली नव्हती.

मी गौरीचा सण निवडला. आमच्या इथे गौरीला माहेरहून लेकीला बागिन देतात. सुपात बांगड्या, हळदकुंकू, डाळ, तांदूळ, गूळ घालून वर दुसरं सूप झाकायचं आणि पदराने धरून द्यायचं. मान लेकीचा असतो. त्या दिवशी मला कुणी गप्प बस म्हणू शकत नव्हतं. जेवणं झाल्यावर मी कंप्युटर टीव्हीला जोडला आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. सगळे म्हणजे आई, अण्णा आणि वहिनी. अण्णाला वाटलं, त्याचं कौतुक आहे. तो पुढच्या खुर्चीवर बसला.

आधी त्याचा खाकरा ऐकू आला. मग, दोन वर्षं बघायचंच नाही. मग, त्या डब्ब्याला काय कळतंय, आणखी घे. मग, मी पहिल्यापासून शॉर्ट टर्मच. टीव्हीचा आवाज मी जरा जास्तच मोठा ठेवला होता. वहिनीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की घाबरली होती, ते मला कळलं नाही.

"हे असं मधलं मधलं कापून लावलंय," अण्णा म्हणाला.

"सगळं आहे. पहिल्यापासून लावू?"

तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. जाताना त्याची मान खाली होती. मी ती नीट बघून घेतली. वहिनी भांडी घासायला आत गेली. मी आईकडे वळले. तिने आता काहीतरी म्हणावं, एवढंच उरलं होतं.

आई सुपातल्या बांगड्या सारख्या करत होती. "कशाला ग सुम्ने उगाच सणाच्या दिवशी?" ती म्हणाली. "मला गोत्तु होतं की."

"काय ठाऊक होतं?"

"सगळं. खताचंही. तो असाच, लहानपणापासून. मी आई, मला गोत्तिल्ल काय?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "मग पंगतीत माझं नाव का घेतलंस?"

"त्याचं घेतलं असतं तर तो बोलला नसता माझ्याशी. मला या घरात राहायचंय, पुट्टी. तू काय, तुझं नाव घेतलं तरी तू येतेसच की."

हे ती रागाने म्हणाली नाही. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. मी महिनोन्‌महिने पुरावा गोळा करत होते आणि फसलेलं कुणी नव्हतंच. अण्णाची कारणं दर आठवड्याला बदलत होती. आईचं कारण आधीपासून एकच होतं आणि ते एकदाही हललं नव्हतं. अण्णाचा मला राग यायचा, पण त्या दिवशी आईचा जो आला तसा मला कधी कुणाचा आला नाही. बागिन घेतलं, वाकून नमस्कार केला आणि मनात म्हटलं, बघू आता पुट्टी कशी येते ती.

मी जायचं बंद केलं. सकाळची बस समोरून जायची तेव्हा मी मुद्दाम खिडकीत उभी राहायचे. आईचा फोन आला की तब्येत बरी आहे म्हणायचे आणि येतेस केव्हा असं विचारलं की दूध उतू चाललंय म्हणायचे. वहिनीचा फोन आला, कंप्युटर कुणाला येत नाही, म्हणून. मी म्हटलं, अण्णाला सगळं येतं. सांगायला लाज नाही, ते दिवस माझे फार सुखाचे गेले.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी दार वाजलं. आई होती. गुडघे धरून, कठड्याला रेलत दोन जिने चढून एकटी आली होती. खुर्चीवर टेकली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तू आली नाहीस."

मी फोनवर मावशीचा नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. काय बोलायचं ते तिला सांगावं लागलं नाही. "ते खताचे शेअर अण्णाने घ्यायला लावले होते," आई म्हणाली. "साखरेचेही त्यानेच. पुट्टीचा काही दोष नव्हता. मी खोटं बोलले पंगतीत." पलीकडून मावशी बरंच काही विचारत होती. आईने ऐकून घेतलं, "हौदु, निजा," म्हणजे हो, खरंच, असं म्हटलं आणि फोन मला परत दिला. जे मला हवं होतं ते अक्षर न्‌ अक्षर मिळालं होतं.

"आयतु?" तिने विचारलं. झालं?

"झालं."

"मावशीच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत अण्णाला कळेल. गौरीपासून तो माझ्याशी धड बोलत नाही, आता तर..." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुझ्याकडे राहू?"

"रहा की आज," मी म्हटलं.

"आजचं नाही विचारत, पुट्टी."

जागा लहान आहे, नवऱ्याचं पथ्य असतं, दोन जिने तिला रोज झेपणार नाहीत, अशी कारणं माझ्या मनात भराभर उभी राहिली. सगळी खरी होती. पण नाही म्हणायचं कारण त्यांतलं एकही नव्हतं. कारण एवढंच होतं की माझा राग अजून उतरला नव्हता. मी जिन्यांचं सांगितलं.

"सरी, बरं," आई म्हणाली आणि उठून तिने पदर नीट केला. मी तिला धरून खाली आणलं आणि अण्णाच्या घरचा पत्ता सांगून रिक्षात बसवलं.