वीणा खाली ठेवायची नसते

आमच्या गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्यानं मान वाकवून ती गळ्यात घ्यायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. यंदा माझा पहारा नेमका थोरल्या चुलतभावानंतर, दादानंतर आला. शेताच्या बांधावरून आमचं बोलणं बंद होतं.

"त्याच्या पाया? मेलो तरी न्हाई!" मी बायकोवर ओरडलो.

"मग देवाच्या तरी कशापायी पडता?" ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी मुद्दाम उशीर केला. पारावर बसलो, पण बूड टेकेना. उठलो, पुन्हा बसलो, चहा अर्धा टाकून दिला. शेवटी देवळात गेलो, तर दादा तसाच उभा. मी येईपर्यंत वीणा खाली ठेवणार कुठं? तो शिव्या घालील म्हणून मी तयारीतच होतो. त्यानं वीणा माझ्या गळ्यात घातली आणि आधी तोच माझ्या पायांवर वाकला. वयानं मोठा माणूस! मी वाकलो तेव्हा उभं राहून सुजलेले त्याचे पाय दिसले.

सप्ताह उरकला. आता रस्त्यात गाठ पडते तेव्हा मधे वीणा नसते आणि माझी मान ताठ व्हायला बघते. म्हणून रोज सकाळी देवळात जातो. "देवा, माझ्यानं होत न्हाई. आजचा दिवस तेवढी ही मान वाकव," एवढंच मागतो.

काल घाईत जायचं राहिलं. दुपारी दादा समोरून आला आणि मी गाडी दुसऱ्या गल्लीत घातली.