साडूभाऊंची चांदमारी

जगातल्या प्रत्येक वस्तूची परीक्षा पिस्तुलासारखी घेता येते आणि घेतलीच पाहिजे, यावर देवापेक्षाही जास्त श्रद्धा असलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि माझं दैव असं की तो माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी त्यांनी पोलीस खात्याच्या शस्त्रागारात काढली. बाकीचे पोलीस चोर पकडत होते तेव्हा हे पिस्तुलं उघडत होते, पुसत होते, त्यांना तेल देत होते आणि नव्या फौजदारांना ती चालवायला शिकवत होते. निवृत्त झाल्यावर पोलादपूरहून उमरठकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची वाडी आहे, तिथे येऊन राहिले. त्या बाजूला बाहेरची माणसं येतात ती मावळ्यांच्या तलवारीच्या गोष्टी ऐकायला, आणि गावातले लोक त्या ऊर भरून सांगतातही. साडूभाऊ शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि म्हणतात, "शूर व्हते, वाद नाय. पन तलवारीला मॅगझिन नाय ना." मी महाडचा, जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस. बंदूक मी जवळून पाहिली ती बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याची, तीही त्याच्या खुर्चीला टेकवून ठेवलेली. त्यामुळे साडूभाऊंच्या लेखी मी अंगठेबहाद्दर.

एकदा त्यांना छत्री घ्यायची होती म्हणून महाडच्या बाजारपेठेत मी त्यांच्यासोबत गेलो. दुकानदाराने छत्री पुढे केली. साडूभाऊंनी ती मुठीत धरली, हात खाली सोडला, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच झटकन समोर उचलली. मग डोळे उघडून छत्रीचं टोक कुठे रोखलंय ते पाहिलं. ते दुकानदाराच्या कपाळावर होतं. "ही बरी हाय," ते म्हणाले, "नेम न लावता जागेवर येते." दुकानदार तोवर गल्ल्यामागे दडला होता. मग त्यांनी बटणाकडे मोर्चा वळवला. बटण आधी किती सैल जातं, कुठे अडतं, अडल्यावर किती जोर लागतो, हे तपासायला त्यांनी ती छत्री इतक्या वेळा उघडमिट केली की दुकानातली गिऱ्हाइकं भिंतीला लागून उभी राहिली. "खरखरतंय," शेवटी निकाल लागला. "चाप असा सुटला पायजे की सुटला ह्ये आपल्यालाबी मागनं कळलं पायजे." छत्री त्यांनी घेतली नाहीच, कारण पुढची परीक्षा घ्यायला त्या दुकानात चिखल नव्हता.

चिखल हा त्यांचा खरा प्रांत. कोरडं असताना कुठलंही हत्यार शहाण्यासारखं वागतं, खरी परीक्षा पावसात, असं त्यांचं म्हणणं. आणि आमच्याकडे पाऊस कसा पडतो हे ज्याने आंबेनळी घाटात एक श्रावण काढलाय त्याला सांगायला नको. त्यांच्या घरात जी वस्तू आली ती आधी परसातल्या चिखलात जाऊन आली. विजेरी गेली, कुलूप गेलं, भिंतीवरचं घड्याळ गेलं. मुलीने हौसेने आणलेला मोबाइल या परीक्षेत वारला. मेव्हणीने मिक्सर मात्र पदराखाली झाकून ठेवला आणि दारात उभी राहिली. "भावजी," ती मला म्हणाली, "आमचं लगीन ठरलं तवा ह्ये भरती झाले नव्हते, म्हनून मी वाचले. नायतर मलापन चिखलात बुडवून बघितली असती."

पण साडूभाऊंची सगळ्यात मोठी खोड म्हणजे देण्याघेण्याची. शस्त्रागारातला रिवाज असा की हत्यार दुसऱ्याच्या हातात देताना ते उघडून दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "खाली हाय, बघून घ्या." खाली म्हणजे रिकामं. घेणाऱ्याने मान डोलावून चालत नाही. त्याने स्वतः पुन्हा उघडून नळीत डोकवायचं आणि "खाली बघितलं" म्हणायचं. कारण गोळ्यांचं मॅगझिन काढून घेतलं तरी एक गोळी नळीत बसून राहू शकते. "ती लय लबाड," साडूभाऊ सांगत. "आख्खी वरात निघून गेली तरी मांडवात एक पावना मागं रहातो ना, तशी. आनि घात करनारी तीच." हा रिवाज त्यांनी पेन्शनीबरोबर घरी आणला. कात्री देतील ती उघडून, डबा देतील तो झाकण काढून, पिशवी देतील ती उलटी करून. माझी बायको एकदा घाईत डबा तसाच घेऊन निघाली, तर तिला एसटीच्या थांब्यावरून परत बोलावून डब्यात डोकवायला लावलं. आता आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चार कोकमाची सोलं किंवा मूठभर तांदूळ तरी घालून देतात. इथे घरचा रिवाज आणि खात्याचा रिवाज एकमेकांवर येऊन आदळले. साडूभाऊंनी त्यातूनही वाट काढली. शेजारणीच्या दारात उभं राहून ते भांड्यावरचं झाकण उचलत आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणत, "भरलेलं हाय, बघून घ्या!"

यापायी मुलीचं एक स्थळही गेलं. त्यांची एकुलती एक शुभा पोलिसात फौजदार आहे आणि खात्याच्या नेमबाजी संघात आहे. मुंबईहून एक मुलगा बघायला आला होता. साडूभाऊंनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला आणि त्याने मोबाइलमधून मान वर न करता तो घेतला. "हातात काय येतंय त्ये बघत नाय, तो संसार काय बघनार?" आणि मुलगा नापास. शुभाला तो तसाही पसंत नव्हता, त्यामुळे तिने त्या दिवशी वडिलांना दोनदा पुरणपोळी वाढली.

हे सगळं मी हसत सांगतोय खरा, पण एक खोड अशी होती की तिला हसलो आणि मग हसू आवरतं घ्यावं लागलं. गेल्या शिमग्यापासून साडूभाऊ चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. उजव्या हातात कप, त्यावर डावा हात लपेटलेला, अंगठे शेजारी शेजारी, कोपरं जराशी वाकलेली. "पिस्तूल असंच धरतात," ते म्हणाले, "सवय मोडू नये." आम्ही सगळे हसलो. मी तर माझा कपही तसाच धरून दाखवला. नंतर स्वयंपाकघरात मेव्हणीने हळूच सांगितलं की यांचा उजवा हात थरथरतो. महाडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, पण थरथर वाढतेच आहे. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं, कारण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे हात स्थिर केले त्याला हे तोंडावर सांगायचं कोणी?

आणि नेमकं तेव्हाच शुभाच्या साहेबांचं बोलावणं आलं. खात्याकडे एक नवीन पिस्तूल परीक्षेसाठी आलं होतं. मोठ्या चणीचं, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत येऊन बसणारं. तेच स्पर्धेत वापरायचं आणि पसंत पडलं तर तेच अधिकाऱ्यांच्या कमरेलाही द्यायचं, असा विचार होता. साहेब स्वतः साडूभाऊंच्या हाताखाली शिकलेले. म्हणाले, उस्तादांना आणा, त्यांनी चार गोळ्या झाडून सांगितलं की आम्ही मानू.

साडूभाऊ हरखले. या विषयावर त्यांचा सिद्धांतच होता. स्पर्धेतलं हत्यार जड हवं, म्हणजे गोळी सुटताना बसणारा झटका ते स्वतःच गिळतं. ड्युटीचं हलकं हवं, कारण बंदोबस्ताला दिवसभर ते कमरेला लोंबतं. "दोनीकडं चालंल असं हत्यार म्हंजे मांडवात वजनदार आनि शेतात कामाचा जावई. सापडत नाय." मेव्हणीच्या मोबाइलवर गोऱ्या लोकांचे पिस्तुलाचे व्हिडिओ ते आवाज बंद करून पाहायचे आणि त्यांना मराठीत झापायचे. आता तर अंगणात सरावच सुरू झाला. भरलेलं पिस्तूल साधारण किलोभर भरतं म्हणून ते किलोची मिठाची पिशवी दोन्ही हातांत धरून समोरच्या फणसावर रोखत. मी गेलो त्या दिवशी पिशवी हलत होती, आत मीठ सळसळत होतं, आणि ते दात आवळून उभे होते. मला पाहून म्हणाले, "वारा हाय आज." फणसाचं पानही हलत नव्हतं. मेव्हणीने मला दारापर्यंत सोडताना म्हटलं, "भावजी, तुमी जा संगती. चार लोकांत त्यांची मान खाली जायला नको एवढंच बघा." हे मी कसं बघणार होतो कोण जाणे, पण हो म्हणालो.

चांदमारीच्या मैदानावर सकाळी पोचलो. साडूभाऊंनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. टेबलावरचं पिस्तूल त्यांनी आधी नुसतं पाहिलं, मुलगी बघायला आलेल्या म्हाताऱ्यासारखं. मग शुभाने ते उघडून दिलं, "खाली हाय", यांनी पाहिलं, "खाली बघितलं", आणि परीक्षा सुरू झाली. डोळे मिटून उचललं. चाप हळूहळू ओढून पाहिला. मॅगझिन सोडायच्या बटणापर्यंत शुभाचा अंगठा पोचतो का ते तिला धरायला लावून पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, एक बादली चिखल मिळंल?" साहेबांचा चेहरा पडला. पिस्तूल कंपनीचं, परत द्यायचं होतं. बरीच मनधरणी झाल्यावर साडूभाऊ एक पायरी खाली उतरले. "बरं, हत्यार नको, हात भिजवतो." हाताला साबण चोळून ते निसरड्या हातांनी नळी उघडणारी ती वरची सरकती स्लाइड ओढून बघत राहिले, आणि अंगावर शिंतोडे घेत साहेब शाळकरी मुलासारखे शेजारी उभे राहिले. मला वाटलं, निभावलं.

मग हात पुसून गोळ्या झाडायची वेळ आली. साडूभाऊंनी मॅगझिन चढवलं, स्लाइड ओढून सोडली, पहिली गोळी नळीत गेली. दोन्ही हात समोर आले. नळीच्या टोकाला नेम धरायची जी खूण असते, तिला ते माशी म्हणतात. ती माशी लक्ष्याभोवती फिरत राहिली, बसेचना. मी मागे उभा होतो तरी मला दिसत होतं. साहेबांनी नजर लांब डोंगराकडे वळवली, शिपायांनी पायाकडे. कोणी त्यांच्याकडे बघेना, आणि ते न बघणंच मला सहन होईना. साडूभाऊंनी एकदा हात खाली घेतले, पुन्हा उचलले, पुन्हा तेच. चाप त्यांनी ओढला नाही. नेम स्थिर नसेल तर गोळी सोडायची नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी घाईघाईने मॅगझिन काढलं आणि पिस्तूल शुभापुढे धरलं.

"खाली हाय," ते म्हणाले. उघडून मात्र दाखवलं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

शुभाने पिस्तूल घेतलं, तोंड लक्ष्याकडे ठेवलं, आणि वडिलांचा शब्द असूनही वर तळवा ठेवून स्लाइड ओढली. तिच्या मुठीत काहीतरी पडलं. तिने मूठ पटकन मिटली आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "खाली बघितलं." कोणीच पाहिलं नव्हतं; सगळे भिडेखातर दुसरीकडे बघत होते ना. पाहिलं होतं फक्त मी आणि साडूभाऊंनी. मी मनात म्हटलं, पोरीने बापाची लाज राखली.

"मूठ उघड गो," साडूभाऊ म्हणाले.

"बाबा, राहू दे."

"उघड. हत्यार दाखवून देयाचं, तशी चूकपन दाखवूनच देयाची."

तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मूठ उघडली. तळव्यावर ती मागे राहिलेली एक गोळी होती, मांडवातला तो पाहुणा. साहेब वळले. साडूभाऊंनी मुलीचा तळहात सगळ्यांपुढे फिरवून दाखवला, अगदी शेजारणीचं भांडं दाखवतात तसा. "बघून घ्या. मी बोललो खाली हाय, आनि व्हती एक. हिनं बापावर इस्वास ठेवला असता तर? म्हनून सांगतो, बापानं दिलं तरी बघायचं." मग टोपी सारखी करत म्हणाले, "साहेब, पिस्तूल पास. स्पर्धेला तर सोनं हाय. ड्युटीला द्याल तर पोरींच्या हाताला मूठ जाड व्हतीय, मागची पट्टी बारीक बसवा. हात आमचा नापास. लिवून घ्या." साहेब त्यांच्या पायांकडे वाकले तेव्हा साडूभाऊ मागे सरले आणि म्हणाले, "हां, हां, टेबलावर हत्यार हाय, नजर तिकडंच ठेवा!"

नंतर शुभाने गोळ्या झाडल्या. त्यातली एकही मधल्या काळ्या वर्तुळाबाहेर गेली नाही. साडूभाऊ प्रत्येक आवाजाला मान हलवत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, मी कशाला लपवू?

परत येताना पोलादपूरला चहाला थांबलो. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. या वेळी पिस्तुलाचं नाव काढलं नाही. म्हणाले, "साडू, हात हलतो माझा." मी म्हटलं, "ठाऊक आहे." "मला वाटलंच," म्हणाले, आणि बराच वेळ आम्ही घाटाकडे वळणाऱ्या गाड्या बघत बसलो.

आता वाडीवर गेलो की मेव्हणी काहीतरी डब्यात घालून देते आणि तो डबा माझ्या हातात द्यायचं काम साडूभाऊंचंच असतं. पण डबा "खाली" की "भरलेला" ते हल्ली सांगत नाहीत. थरथरत्या हातांनी झाकण उघडून डबा पुढे करतात आणि एवढंच म्हणतात, "तुमीच बघा." पूर्वी मी छताकडे बघून "बघितलं, बघितलं" म्हणायचो. आता तळापर्यंत नीट बघतो. आणि डबा घेताना माझा हात त्यांच्या हाताखाली गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ राहतो.